नळ कोणाचा, भिंत कोणाची

न्हाणीघरातला नळ गळायला लागला तेव्हा मसुदेराव दाढी करत होते. पहिला थेंब पडला, त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसरा पडला, त्यांनी नळ आवळला. तिसरा पडला तेव्हा ऑफिसात उशिरा येणाऱ्या टायपिस्टकडे ते ज्या नजरेनं पाहत, त्या नजरेनं त्यांनी नळाकडे पाहिलं. टायपिस्टवर त्या नजरेचा जेवढा परिणाम होई तेवढाच नळावर झाला.

मसुदेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या ऑफिसात पत्रांचे मसुदे करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ‘आपले पत्र मिळाले’ एवढाच मजकूर ते दीड पानात बसवीत, आणि ते दीड पान वाचून झाल्यावर आपलं पत्र नक्की मिळालं की नाही, याबद्दल समोरच्याच्या मनात शंका उरत असे. साहेबांच्या मते हीच खरी कला.

“वायसर गेला असेल,” बायको दारातून म्हणाली. “कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. बदलून टाका.”

“अगं, बदलून टाका काय? तो बदलायचा कोणी हे आधी ठरायला नको?”

“ज्याच्या घरात गळतोय त्यानं.”

“आणि घर कोणाचं?” मसुदेरावांनी साबणाच्या फेसातून विचारलं.

बायको आपल्या शिवणाच्या मशीनकडे निघून गेली. हा प्रश्न म्हणजे आपण टाकलेला बिनतोड पेच आहे, असं मसुदेरावांना वाटलं. ती कंटाळून गेली असेल, ही शक्यता त्यांच्या मनात आली नाही. अशा शक्यता त्यांच्या मनात सहसा येत नसत.

ऑफिसला जाण्याआधी त्यांनी कपाटातून भाडेकरार काढला आणि कलम नऊ वाचलं. ‘किरकोळ स्वरूपाच्या दुरुस्त्या भाडेकरूने व मोठ्या स्वरूपाच्या दुरुस्त्या घरमालकाने, यथावकाश व यथायोग्य रीतीने, कराव्यात.’ वाक्य वाचून त्यांना समाधान वाटलं, कारण ते त्यांनीच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी घर घेताना मालकीणबाईंनी पुढे केलेला छापील करार त्यांना इतका बाळबोध वाटला की त्यांनी तो घरी नेऊन स्वखुशीनं नव्यानं लिहून काढला. किरकोळ कुठे संपतं आणि मोठं कुठे सुरू होतं, हे त्यांनी मुद्दामच मोघम ठेवलं होतं. मोघमपणा वेळेला उपयोगी पडतो, असा त्यांचा अनुभव होता. तो नेमका कोणाच्या उपयोगी पडेल हे मात्र सांगता येत नाही.

मालकीणबाई खालच्या मजल्यावर एकट्याच राहत. निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. बाई जिन्याखाली उभ्या राहून दर महिन्याला विचारत, “सगळं ठीक आहे ना?” आणि उत्तर ऐकायच्या आत दार लावून घेत. दोन वर्षांत त्या एकदाही वर आल्या नव्हत्या.

ऑफिसात मसुदेरावांनी विषय काढला तेव्हा कॅशियर एकदम गंभीर झाले. ते चार घरमालकांशी भांडून पाचव्याच्या घरात राहत होते, त्यामुळे या विषयात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“हात लावलास का नळाला?”

“आवळला थोडा.”

“झालं! आता पुन्हा लावू नकोस. ज्यानं हात लावला, नळ त्याचा. आणि लेखी दे. तोंडी काही बोलायचं नाही. भेटल्या तरी फक्त नमस्कार करायचा, तोही लांबून.”

संध्याकाळी समोरच्या घरातले कंपाउंडर भेटले. डॉक्टरांच्या हाताखाली तीस वर्षं औषधं बांधून बांधून त्यांना कुठल्याही गोष्टीचं निदान करायची सवय जडली होती. ते वर आले, त्यांनी नळ पाहिला, नळाखालची फरशी पाहिली, मग भिंतीवरून पालथा हात फिरवला. ताप बघतात तसा.

“नळ हे नुसतं लक्षण आहे हो,” ते हळू आवाजात म्हणाले. “दुखणं भिंतीत आहे.”

मसुदेरावांना हे एकदम पटलं. नळ किरकोळ, पण भिंत? भिंतीला कोणी किरकोळ म्हणेल का? भिंत म्हणजे घर, आणि घर म्हणजे घरमालक. कलम नऊ प्रथमच त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. मधल्या काळात बायकोनं नळाला एक सुतळी बांधून थेंब आवाज न करता बादलीत उतरतील अशी सोय केली होती. ती मसुदेरावांनी सोडून ठेवली. “तो पुरावा आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी पत्र लिहिलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ इथे सुरू होऊन ते तिसऱ्या पानावर नळापर्यंत पोचलं. सकाळी त्यांनी ते बाईंच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि ताठ मानेनं ऑफिसला गेले.

दुसऱ्या दिवशी पत्र परत आलं. लाल शाईनं तपासून.

‘दुरूस्ती’ हा शब्द सात ठिकाणी आला होता आणि सातही ठिकाणी त्यातला दीर्घ रू खोडून ऱ्हस्व केला होता. ‘सदरहू नळ हा गळत असून त्याचे गळणे चालू आहे’ या वाक्याखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, ‘पुनरुक्ती’. आणि शेवटी, सहीच्या जागी, ‘आशय स्पष्ट नाही. पुन्हा लिहा.’

बावीस वर्षांच्या नोकरीत मसुदेरावांच्या मसुद्यातला स्वल्पविरामसुद्धा कोणी हलवला नव्हता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. “दुरुस्तीच दुरुस्त लिहिता येत नाही म्हणून नळ गळतोय वाटतं,” बायको म्हणाली आणि हसू लपवायला आत गेली. मसुदेरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच शब्दकोश उघडला. बाईंचं बरोबर होतं. या गोष्टीचा राग जास्त.

दुसरं पत्र त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिलं. तेही परत आलं. ‘प्रगती आहे. अक्षर सुवाच्य ठेवा.’ नळाबद्दल अवाक्षर नाही. आणि खरी गंमत म्हणजे ‘प्रगती आहे’ हे वाचून मसुदेरावांना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुढे तासभर स्वतःचाच संताप आला.

आता सरकारदरबारी जाण्याशिवाय इलाज नव्हता. घरभाडे तक्रार कक्ष जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. चार नंबरच्या खिडकीमागे एक कारकून बसले होते, आणि त्यांच्यामागे अर्जांचे गठ्ठे छताला टेकले होते.

“बिघाड नळाचा की पाइपाचा?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“तेच तर ठरवून हवंय.”

“ते ठरल्याशिवाय अर्ज घेता येत नाही. नळ असेल तर हिरवा फॉर्म. पाइप असेल तर पांढरा.”

“मग ठरवणार कोण?”

“निरीक्षक.”

“निरीक्षक कधी येतात?”

“अर्ज आल्यावर.”

दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण एखाद्या गवयानं दुसऱ्याच्या तानेला मान डोलवावी तशी मसुदेरावांनी नकळत मान डोलावली. इतकं गोल, कुठेही सांधा न दिसणारं काम त्यांना स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

कारकुनांना बहुधा ती दाद पोचली. त्यांनी चष्मा काढला. “असं करा, प्लंबरकडून लिहून आणा, बिघाड भिंतीच्या आत आहे म्हणून. मग मी पांढरा देतो. काय आहे, माझीही मोरी दोन वर्षं तुंबलेली आहे. मीही भाड्याच्याच घरात राहतो.”

“मग तुम्ही अर्ज नाही केलात?”

“केलाय की. इथेच केलाय.” त्यांनी मागच्या गठ्ठ्यांकडे अभिमानानं बोट दाखवलं. “यातच कुठेतरी असेल.”

प्लंबर कोपऱ्यावरच्या दुकानात सापडला. चाळिशीचा, दणकट, खांद्यावर पान्यांची पिशवी. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घर कोणतं ते कळल्यावर पिशवी खाली ठेवली.

“साहेब, भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे हे मी कसं लिहून देऊ? आणि बाईंनी स्वतः सांगितल्याशिवाय मी त्यांच्या भिंतीला हात लावणार नाही. तिसरीत मी त्यांच्या वर्गात होतो.” त्यानं पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली. “दोनदा.”

एव्हाना थेंबांची धार झाली होती. नळ जेवढा आवळावा तेवढी ती जोरात येई. मसुदेरावांनी तिसरं पत्र लिहिलं. या वेळी अर्ध्याच पानाचं, पण त्यात ‘अन्यथा कायदेशीर मार्गाचा अवलंब करणे भाग पडेल’ असं वाक्य होतं. एकही चूक नाही याची तीनदा खात्री करून त्यांनी ते दाराच्या फटीतून सरकवलं.

शनिवारी उत्तर आलं. वेगळ्या कागदावर, निळ्या शाईत, दोन ओळी. ‘आपला करार पुढील महिन्यात संपत आहे. तो पुढे चालू ठेवण्याचा माझा विचार नाही.’

मसुदेरावांनी ते वाचून बायकोच्या हातात दिलं. तिनं मशीन थांबवली, वाचलं, आणि कागद घडी करून सुयांच्या डबीखाली ठेवला. ती ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

“तेरा वर्षांत हे पाचवं घर,” ती म्हणाली. “पहिल्या घरात ही मशीन पॅसेजमध्ये होती. दुसऱ्यात पलंगाखाली. मग एकदा स्वयंपाकघराच्या दारामागे, तिथे दार उघडलं की माझ्या कोपराला लागायचं. चौथ्या घरात तर मी ती बाहेरच काढली नाही. इथे पहिल्यांदा खिडकीशी आहे. इथे मला सुई ओवायला दिवा लावावा लागत नाही. आणि तुम्ही ते एका वायसरपायी घालवलंत.”

इतके मसुदे करूनही काही वाक्यांना उत्तर नसतं, हे मसुदेरावांना त्या दिवशी समजलं.

रविवारी सकाळी ते उठले, कोपऱ्यावर जाऊन मुकाट्यानं एक वायसर घेऊन आले आणि बाह्या सरसावून न्हाणीघरात शिरले. हे पाऊल त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी उचललं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती, किंबहुना सुरूच झाली नसती. पण ते आत शिरून नळाकडे नुसते बघत उभे राहिले. हा उघडायचा कुठून? तेवढ्यात मागून कंपाउंडर आले. हातात हातोडी, गळ्यात दवाखान्यातला स्टेथोस्कोप.

“एवढी घाई नको. आधी भिंत ऐकू या.”

त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, भिंतीला लावला आणि डोळे मिटले. मसुदेरावांनीही श्वास रोखून धरला.

“आत पाणी वाजतंय,” कंपाउंडर म्हणाले. “स्पष्ट. ही एक टाइल काढून दाखवली तर बाईंची काय बिशाद आहे नाही म्हणायची? पुरावा म्हणजे पुरावा. करार आपोआप वाढेल.”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर हातोडी होती. मसुदेरावांनी मान हलवली. कंपाउंडरनी टाइलवर बेताचा ठोका मारला. काही झालं नाही. मग बेताचा नसलेला ठोका मारला. ती टाइल निघाली, आणि एकटं जायला नको म्हणून शेजारच्या तिघींना सोबत घेऊन निघाली. नळ मान मोडल्यासारखा खाली झुकला. मसुदेरावांनी त्याला सावरायला हात पुढे केला आणि तो अलगद, अगदी प्रेमानं, त्यांच्या हातात आला.

मग पाणी आलं. भिंतीतून आडवी, मनगटाएवढी जाड धार सुटली, ती समोरच्या भिंतीवर आपटून परत आली आणि वाटेत कंपाउंडरचा चष्मा घेऊन गेली. स्टेथोस्कोप अजून कानातच असल्यामुळे त्यांना तो आवाज जरा जास्तच मोठा ऐकू आला असावा. ते किंचाळले आणि “मी प्लंबरला आणतो” असं ओरडत जिन्यावरून पळाले.

मसुदेरावांनी धारेच्या तोंडावर दोन्ही तळवे दाबले. पाणी आता बोटांच्या फटींतून आठ दिशांना उडायला लागलं. डोळ्यांत, कानांत, बनियनमध्ये. ते पहाडासारखे उभे राहिले. आपण इथून हललो तर घर वाहून जाईल, अशी त्यांची भावना होती. तेवढ्यात बायको आली, तिनं एकदा बघितलं, स्वयंपाकघरात गेली आणि लाटण्याच्या टोकाला चिंध्या गुंडाळून परत आली.

“व्हा बाजूला.”

तिनं लाटणं पाइपाच्या तोंडात पिळून घट्ट बसवलं. धार बरीचशी थांबली. नुसती झिरपत राहिली.

“मी हे धरून उभी राहते. तुम्ही खाली जा आणि पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे ते बाईंना विचारा. गच्चीवरची टाकी भरलेली आहे अजून.”

जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी मसुदेरावांच्या पुढे धावत होतं. आणि त्या पाण्यातून, भिंतीला धरून, एकेक पायरी चढत बाई वर येत होत्या. केसांवर छताचा ओला चुना पडलेला. मसुदेराव जागीच थांबले. आता बोलणी खायची, ती खाऊन घ्यायची, असं त्यांनी ठरवलं.

“बाई, आधी कॉक. कॉक कुठे आहे?”

बाईंनी केसांवरचा चुना झटकला.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की मसुदेरावांना वाटलं, मागे दुसरं कोणी बोललं. बाई तिथेच ओल्या पायरीवर बसल्या.

“ते सगळं हे बघायचे. नळ, टाकी, दिवे, सगळं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी या घरातला एक स्क्रूसुद्धा हलवलेला नाही. कुठून काय जातं मला ठाऊक नाही. कोणी दुरुस्ती म्हटलं की वाटतं, एक काढलं की सगळं घरच हातात येईल.”

“मग मला तसं सांगायचं ना, बाई! मी तीन तीन पत्रं लिहिली.”

“काय सांगणार? ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना मी चाळीस वर्षं बाकावर उभं केलंय.”

मसुदेरावांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी ते पुसलं आणि तेही पायरीवर, बाईंच्या शेजारी, टेकले.

“खरं सांगू का बाई? मला वायसर बदलता येत नाही. तो कुठे बसतो हेसुद्धा माहीत नाही. बायकोसमोर कसं सांगणार? म्हणून कलम नऊ.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गातल्या सगळ्यात खोडकर मुलानं स्वतःहून खरं सांगितलं की बाई बघतात तसं.

“अहो, गप्पा नंतर मारा!” वरून बायकोचा आवाज आला. “माझे हात भरून आले!”

दोघंही ताडकन उठले. मसुदेरावांनी विचारलं, “त्यांना कधी पाणी बंद करताना बघितलंत का? कुठे जायचे ते? अंगणात? मागे?”

बाईंनी डोळे मिटले. “बाहेर नाही जायचे. जिन्याखाली वाकायचे. तिथे काही ठेवू द्यायचे नाहीत मला, त्यावरून आमची भांडणं व्हायची. एवढी जागा मोकळी पडलीय म्हणून.” मग त्यांचा चेहरा उतरला. “ते गेल्यावर मी तिथे कपाट ठेवलं.”

ते कपाट म्हणजे चाळीस वर्षांच्या शाळेचं भांडार होतं. जुने पेपर, हजेरीपट, निबंधाच्या वह्या, नकाशे. मसुदेरावांनी खांदा लावला. कपाट हललं नाही. पाठ लावली. पाठच हलली. शेवटी बाईंनी दार उघडून एकेक गठ्ठा बाहेर काढायला सुरुवात केली आणि मसुदेराव ते खुर्चीवर, टेबलावर, जिथे कोरडं असेल तिथे रचत गेले. निम्मं कपाट रिकामं झालं तेव्हा कंपाउंडर प्लंबरला घेऊन आले. बाईंना बघताच प्लंबरचे हात आपोआप पाठीमागे गेले.

“बाई, मी तुमच्या वर्गात...”

“ओळखलं. ढकल.”

तिघांनी मिळून कपाट ढकललं. मागे भिंतीत लाकडी झडपेचं वीतभर दार होतं. प्लंबरनं ते उघडलं. आत पितळी कॉक, आणि झडपेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात, ब्रशनं जपून काढलेली अक्षरं. ‘पाणी बंद करण्यासाठी उजवीकडे फिरवावे. घाबरू नये.’

प्लंबरनं कॉक फिरवला. वरून बायको ओरडली, “थांबलं!”

बाई त्या झडपेसमोर उभ्या होत्या. त्यांनी ओठ हलवत ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. कंपाउंडरनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात ठेवला, आणि मसुदेराव उगाचच वह्यांचे गठ्ठे नीट करायला लागले.

प्लंबरनं वर जाऊन तपासणी केली तेव्हा सगळे दारात गर्दी करून उभे होते. मसुदेरावांना अजूनही थोडी आशा होती, की आता तरी निकाल लागेल.

“वायसर पार झिजलाय,” प्लंबर म्हणाला. बाईंनी मसुदेरावांकडे पाहिलं. “आणि भिंतीतला हा एल्बो, पाइपाचा वळणाचा सांधा, गंजून चिरला आहे.” मसुदेरावांनी बाईंकडे पाहिलं. “वायसर गेला म्हणून तुम्ही नळ जोरात आवळत बसलात, त्यानं एल्बो चिरला. आणि एल्बो आधीच गंजका नसता तर आवळून चिरला नसता. आता यात कोणाचं काय ते तुम्ही बघा. मी तिसरीत दोनदा बसलेला माणूस आहे.”

काम चार दिवस चाललं. चारही दिवस बाई वर येऊन न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. सुरुवातीला प्लंबरनं छिन्नीचा घाव घातला की त्या डोळे मिटून घेत. दुसऱ्या दिवशी त्या प्रश्न विचारू लागल्या. तिसऱ्या दिवशी हा पाइप कुठून येतो, तो कुठे जातो, याचा नकाशा त्यांनी वहीच्या पानावर काढायला घेतला आणि मसुदेराव टेप घेऊन अंतरं मोजू लागले. मधल्या सुट्टीत बायको चहा आणी. एकदा चहा पिता पिता बाईंची नजर खिडकीशी ठेवलेल्या मशीनवर गेली. त्या उठून तिथे गेल्या, खिडकीची चौकट हातानं दाबून पाहिली.

“ही खालून कुजली आहे,” त्या म्हणाल्या. “पाऊस आला तर कापडावर येईल. सुतार बोलवावा लागेल.” आणि मग, “तुम्ही राहणार आहात ना?”

“आम्ही कुठे जाणार?” बायको म्हणाली. तिनं सुयांची डबी उचलली, खालचा निळ्या शाईचा कागद काढला आणि त्याची पट्टी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

नवा करार करायला बसले तेव्हा मसुदेराव कलम नऊचा अडीच पानी मसुदा घेऊन आले होते. बाईंनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. मसुदेराव वाट बघत होते. शेवटी शिवता शिवता बायकोच म्हणाली, “भिंतीच्या आतलं बाईंचं. बाहेरचं आमचं. कळत नसेल तर आधी प्लंबर बोलवायचा, मग भांडायचं. एवढंच लिहा.” तेवढंच लिहिलं. मसुदेरावांनी ‘यथावकाश’ हा शब्द घालायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

प्लंबरनं जाण्याआधी जिन्याखालच्या कॉकला तेल घातलं आणि बाईंना म्हणाला, “बाई, एकदा तुम्ही स्वतः फिरवा.” बाईंनी हात मागे घेतला. मग पुढे केला. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो उजवीकडे वळवला, हळूहळू, कान देऊन. घर हातात आलं नाही. त्यांनी डावीकडे फिरवला. भिंतीतून पाणी पुन्हा वाहू लागल्याचा आवाज आला.

“सोपं आहे की,” त्या म्हणाल्या, काहीशा रागानंच.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मसुदेराव न्हाणीघरात होते. तोंडाला साबण फासून त्यांनी डोळे मिटले, चाचपडत नवा नळ उघडला, आणि नळातून दोन चार गुळण्या झाल्यावर पाणी बंद पडलं. ते तसेच उभे राहिले. साबण डोळ्यांत जाऊ लागला. महिन्यापूर्वी त्यांनी याच क्षणी मनातल्या मनात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू केलं असतं. आता त्यांनी नुसतं दार किलकिलं केलं.

“बाई!” त्यांनी जिन्यात तोंड काढून हाक मारली. “गेलं!”

“गेलं ना?” खालून बाईंचा आवाज आला, अगदी खूश. “बघा, मी एकटीनं केलं! थांबा हं, आता सोडते. आलं का?”

नळ खाकरला, थरथरला, आणि भसाभस वाहू लागला.

“आलं, बाई,” मसुदेराव म्हणाले. “आलं.”